जनावर अचानक पडत नाही

गोठा आणि गाव (साप्ताहिक स्तंभ)

ऑगस्टमध्ये पावसानं पंधरा-वीस दिवस ताण दिला की परभणी जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत एकाच तऱ्हेचे निरोप येऊ लागतात. सकाळी धडधाकट होतं, चरून आलं आणि पडलं. पाय झाडतंय, मान मागं टाकलीय, तोंडाला फेस आलाय. डॉक्टर पोचेपर्यंत बैल गेलेला असतो. मग वाड्यात तर्क सुरू होतात. साप चावला असेल, कुणी काही खाऊ घातलं असेल, नजर लागली असेल, करणी असेल. एखादा विळा तापवून डाग द्यायला सांगतो, एखादा नाकाशी कांदा धरतो. दुसऱ्या दिवशी जनावर पुरतात. ते कशानं गेलं हे कुणालाच कळलेलं नसतं, आणि आठवड्यानं त्याच बांधावर शेजाऱ्याची गाय चरायला सुटते.

आज मला एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. जनावर अचानक पडत नाही, पडलेलं आपल्याला अचानक दिसतं. त्याचं कारण बहुतेक वेळा आदल्या दिवसभरात असतं: चाऱ्यात, पाण्यात, रानात, उन्हात किंवा नुकत्याच झालेल्या वितात. ते शोधायची सवय मालकाला लागली आणि शोधायची सोय यंत्रणेनं केली, तर आज हातची जाणारी कितीतरी जनावरं वाचतील.

सुरुवात जोंधळ्यापासून करायला हवी, कारण हा जोंधळ्याचा मुलूख आहे. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीच्या वाणांची नावंच या जिल्ह्याची ओळख सांगतात. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा एकाच ताटातून देणारं दुसरं पीक आपल्याकडं नाही. पण याच ताटात कोवळ्या वयात विष असतं. ज्वारीच्या पानांत ‘धुरीन’ नावाचं द्रव्य असतं. डन्स्टन आणि हेन्री या दोन शास्त्रज्ञांनी ते 1902 मध्ये वेगळं काढून दाखवलं. किडीपासून बचाव करण्यासाठी रोप ते बाळगतं. धुरीन पानाच्या एका थरातल्या पेशींत असतं आणि ते फोडणारं विकर दुसऱ्या थरात. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. जनावरानं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विष, सुटू लागतं.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांना त्याचा फटका जास्त बसतो. त्यांच्या मोठ्या पोटातले जिवाणूही धुरीन फोडतात आणि पोटातला ओलावा त्या कामाला पोषकच असतो. विष रक्तात गेलं की ते पेशींची श्वास घेण्याची यंत्रणाच अडवतं. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं, डोळ्यांच्या आतली त्वचाही लाल असते, आणि तरीही ते धापा टाकत असतं. लाळ गळते, झोकांड्या जातात, अंग थरथरतं, जनावर कोसळतं, झटके येतात. पोटभर खाल्लं असेल तर पंधरा-वीस मिनिटांतही खेळ संपतो. लक्षणं दिसल्यानंतर दोन तास तगलेलं जनावर मात्र बहुधा वाचतं.

किती खाल्लं म्हणजे धोका, याचा हिशेब मांडून बघू. हिरव्या चाऱ्यात किलोमागं 200 मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल असलं की तो चारा घातक धरतात. जनावराच्या वजनाच्या दर किलोला साधारण 2 मिलिग्रॅम विष भरभर पोटात गेलं तर ते जिवावर बेततं. म्हणजे 400 किलोच्या बैलाला 800 मिलिग्रॅम. तेवढं विष अशा 4 किलो चाऱ्यात असतं. उपाशी बैल 4 किलो हिरवा चारा बघता बघता संपवतो. शेळीला तर मूठ-दोन मूठ कोवळे शेंडे पुरतात.

विष केव्हा जास्त असतं हे ठरलेलं आहे. गुडघ्याच्या खालची कोवळी रोपं, विरळणी करून काढलेली रोपं, पावसाच्या ताणानं खुरटलेली आणि करपलेली ताटं, युरिया भरपूर दिलेलं पीक, आणि सगळ्यात फसवे म्हणजे काढणीनंतर धसकटांना फुटलेले फुटवे. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्यानंतर एखादा अवकाळी पाऊस झाला की धसकटं पुन्हा हिरवी होतात. मोकळं रान आणि चारही बाजूंनी वाळलेला माळ, मग जनावरं तिथंच सोडली जातात. पीक निम्मं फुलोऱ्यात आलं की विषाचं प्रमाण उतरतं. नीट वाळवलेल्या कडब्यात ते आणखी कमी होतं. आपल्या आजोबांनी वर्षभर गंजीतला कडबा घातला आणि बैल जगवले ते याचमुळे.

दुष्काळाशी याचं नातं फार जवळचं आहे. 2012 नंतरच्या दशकात मराठवाड्यानं एकामागून एक कोरडी वर्षं पाहिली. चारा छावण्या पाहिल्या. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं. अशा वर्षी ज्याच्याकडं गंज शिल्लक असते तो खुरटलेल्या ज्वारीला हात लावत नाही. ज्याच्याकडं काहीच नसतं तो करपलेलं पीक उपटून दावणीला टाकतो, कारण दाणा तर येणार नाहीच, निदान वैरण तरी होईल असं त्याला वाटतं. म्हणजे विषबाधा नेमकी त्याच घरात होते जिथं एका बैलाच्या जाण्यानं पुढची पेरणी अडते. आणि आता ज्वारीखालची रानं सोयाबीन आणि कापसाकडं गेल्यानं कडबाही दुर्मीळ झाला आहे. सोयाबीनच्या गुळीवर कडब्याची भूक भागत नाही. हिरवं दिसेल ते तोडून आणण्याकडं कल वाढतो. म्हणून ‘शेतकऱ्यानं काळजी घ्यावी’ एवढं सांगून हात झटकणं मला मान्य नाही. काळजी घ्यायला गव्हाणीत पर्याय असावा लागतो.

या विषावर उतारा आहे आणि तो जुनाच, खात्रीचा आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट यांची शिरेतून दिलेली इंजेक्शनं. पहिलं औषध रक्तात असा बदल घडवतं की सायनाइड पेशी सोडून तिकडं ओढलं जातं, दुसरं त्याचं निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर करून लघवीवाटे बाहेर काढतं. थायोसल्फेट म्हणजे फोटो धुणारे एके काळी वापरत ते ‘हायपो’. महागडं तर नाहीच. अडचण असते ती वेळेची. उतारा तालुक्याला आणि जनावर तीस किलोमीटरवर पालमच्या किंवा जिंतूरच्या एखाद्या वाडीत, अशी स्थिती असेल तर औषध असून नसल्यासारखं.

पण उताऱ्याचं इंजेक्शन भरण्याआधी कारण ओळखावं लागतं, आणि इथंच मालकानं सांगितलेल्या माहितीला सोन्याचं मोल आहे. ताण पडलेल्या आणि खत जास्त झालेल्या त्याच ज्वारीत नायट्रेटही साठतं. त्याच्या बाधेतही जनावर धापा टाकत कोसळतं. फरक इतकाच की रक्त लालभडक न दिसता चॉकलेटी तपकिरी दिसतं आणि औषध असतं मिथिलीन ब्लू. अशा जनावराला सायनाइडचा उतारा म्हणून नायट्राइट टोचलं तर ते आणखी लवकर जाईल. शिवाय नायट्रेट चारा वाळवूनही कमी होत नाही. दोन्ही विषं एकाच पिकातली, लक्षणं सारखी, औषधं मात्र परस्परविरोधी. अंदाजानं केलेला उपचार किती महाग पडतो ते यावरून कळावं.

पडून झटके देण्याची कारणं इथंच संपत नाहीत. वर्षभराचं चक्र पाहिलं तर प्रत्येक ऋतूचा संशयित वेगळा असतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर चरलेली, कळपातली सगळ्यात गुटगुटीत करडं एका रात्रीत पाय झाडून मरतात, तेव्हा आंत्रविषार आठवावा. आतड्यातले जिवाणू एकाएकी वाढून विष सोडतात. पावसाळ्याआधी लस टोचली असेल तर ही वेळ येत नाही. कापसावर फवारणी चालू असताना बांधावर चरलेल्या जनावराची लाळ गळत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि स्नायू फडफडत असतील तर कीटकनाशकाची बाधा आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली. बांधावरच्या मुक्या जिवांचा हिशेब तर कुणी मागितलाही नाही. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत बसकण मारते, कान गार पडतात, मान कुशीकडं वळते, तेव्हा तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं आणि शिरेतून सावकाश दिलेल्या कॅल्शियमनं ती डोळ्यांदेखत उठून उभी राहते. लग्नसराईत पंगतीतला उरलेला भात आणि पोळ्या प्रेमानं घमेलंभर घालतात, त्यानं पोटात आम्ल वाढून म्हैस पडते. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्यांचा मारा झाल्यावर काही बैलांचंही असंच होतं. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखाली बांधलेली म्हैस उष्माघातानं कोसळते, कारण काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथीच कमी असतात.

शहरातल्या घरांनाही हाच नियम लागू आहे. हौसेनं पाळलेले ससे आता नव्या वसाहतींतून दिसतात, आणि महानगरांत चिंचिलासारखे दाट फरचे परदेशी प्राणीही विकत घेतले जातात. चिंचिला मूळचा चिलीतल्या अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या उतारांवरचा. त्याला घाम येत नाही आणि 27 अंशांच्या वर गेलेलं तापमान त्याला सोसत नाही. तो एकाएकी कलंडला, पाय ताठ करून झटके देऊ लागला तर त्यामागं उष्माघात असू शकतो, रक्तातली साखर किंवा कॅल्शियम उतरलेलं असू शकतं, ‘ब-1’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, मेंदूपर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग असू शकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असा प्राणी आणणं हीच मुळात त्याच्यावरची सक्ती आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणून ठेवलाच असेल तर खोली थंड ठेवणं आणि तो काय खातो, किती खातो याची रोज नोंद ठेवणं ही मालकाची जबाबदारी. सशाचंही तेच. झटका आला की तोंडात पाणी ओतायचं नाही, बर्फात बुडवायचं नाही. सावलीत, गार फरशीवर, ओलसर फडक्यानं हळूहळू अंग निववायचं आणि डॉक्टर गाठायचा.

गोठ्यातलं जनावर पडलं तर काय करावं? सगळ्यात आधी आठवावं आणि पाहावं. गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं, कुठं चरलं, पाणी कुठलं प्यालं, कुठं फवारणी झाली होती, व्याली कधी, लस कधी टोचली, कळपात आणखी कुणी पडलंय का. मोबाईल आता प्रत्येक घरात आहे. झटक्याचं अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण डॉक्टरला जे सांगतं ते तासाभराच्या वर्णनानं कळत नाही. खाल्लेल्या चाऱ्याची एक पेंढी बाजूला काढून ठेवावी, बाकीची जनावरं त्या रानातून ताबडतोब हलवावीत, आणि 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात निरोप द्यावा. निरोप देताना ‘जनावर आजारी आहे’ एवढंच न सांगता ‘ज्वारीचे फुटवे खाल्ले आणि पडलं’ असं सांगितलं, तर निघणारा डॉक्टर योग्य औषध पिशवीत टाकून निघतो.

काय करू नये तेही तितकंच महत्त्वाचं. आडव्या पडलेल्या जनावराला नळीनं ताक, तेल, गुळाचं पाणी पाजू नये. गिळता येत नसलेल्या जनावराच्या फुप्फुसात ते जातं आणि विषातून वाचलेलं जनावर त्यानं मरतं. डाग देऊ नये. घशात काही अडकलं असेल म्हणून उघडा हात तोंडात घालू नये, कारण लाळ गाळणाऱ्या जनावराला पिसाळ म्हणजे रेबीजही असू शकतो आणि तिथं माणसाचा जीव पणाला लागतो. आणि जनावर मेल्यावर नाका-तोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर ते फाडू नये, कातडं काढू नये. काळपुळीचे जंतू हवा लागली की कवच धरतात आणि त्या जागी वर्षानुवर्षं टिकतात. अशा वेळी आधी डॉक्टरला बोलवावं, शव खोल पुरून वर चुना टाकावा.

बाकीच्या मृत्यूंत मात्र शवविच्छेदन व्हायलाच हवं. आज ते होतं ते बहुधा विम्याच्या दाव्यासाठी किंवा मदतीच्या पंचनाम्यासाठी. कागद भरण्यापुरतं. त्यातून निघालेलं कारण ज्या गावात जनावर मेलं त्या गावाला कळत नाही. जोंधळ्यानं बैल मेल्याचं चावडीवर जाहीर झालं तर त्या आठवड्यात गावातली बाकीची जनावरं वाचतील. हे न सांगणं मला अपराधासारखं वाटतं.

आता मागणी करायची ती आपल्याच जिल्ह्याकडं. परभणीत 18 मे 1972 रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याच वर्षापासून इथं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. 2000 मध्ये नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ झालं आणि महाविद्यालय तिकडं जोडलं गेलं. एका संस्थेला ज्वारीचं पान न् पान माहीत आहे, दुसरीला जनावराची नस न् नस. जोंधळ्याची विषबाधा नेमकी या दोघांच्या मधल्या जागेत येते. पीकवाल्यांना तो जनावराचा प्रश्न वाटतो आणि जनावरवाल्यांना चाऱ्याचा. ही मधली जागा भरून काढण्यासाठी दोघांनी एकत्र बसावं.

पहिलं काम, चाऱ्याची तपासणी. पिक्रेटच्या पट्टीची चाचणी फार सोपी आहे. पानाचे तुकडे बाटलीत घालायचे, क्लोरोफॉर्मचे काही थेंब टाकायचे, पिवळी पट्टी आत लोंबकळत ठेवून बूच लावायचं. विष असेल तर पट्टी पिवळ्याची नारिंगी आणि मग विटकरी होते. पट्ट्या प्रयोगशाळेतच तयार व्हायला हव्यात, पण वापरायला कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षक पुरेसे आहेत. ऑगस्टमधल्या खंडाच्या काळात आणि मार्चमध्ये फुटवे येतात तेव्हा, वर्षातून या दोन मोसमांत, नऊही तालुक्यांत ही चाचणी गावोगाव फिरवावी. नवा वाण देताना माहितीपत्रकावर धान्याच्या आणि कडब्याच्या उत्पादनाशेजारी ‘फुलोऱ्याआधी जनावरांना घालू नये’ हे ठळक अक्षरांत छापावं.

दुसरं, उतारा. सगळ्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत आणि फिरत्या पथकांच्या गाड्यांत या दोन मोसमांत सायनाइडवरची दोन्ही औषधं, मिथिलीन ब्लू आणि कीटकनाशकावरचं अॅट्रोपिन ठेवलेलं असावं, आणि त्याच्या मुदतीची तारीख मोसमापूर्वी तपासलेली असावी.

तिसरं, मृत्यूची नोंद. एकाएकी मेलेल्या प्रत्येक जनावराची तारीख, गाव, चारा आणि सापडलेलं कारण एका वहीत यावं आणि ती वही महाविद्यालयात दरसाल वाचली जावी. कोणत्या मंडळात, कोणत्या महिन्यात, कशानं जनावरं मरतात हे कळलं तर लस आणि औषध आधी तिथं पोचेल. वीज पडून बैल मेला तर तलाठी पंचनाम्याला येतो आणि सरकारी मदतीचा रस्ता उघडतो. दुष्काळात करपलेली ज्वारी खाऊन मेला तर मालकाच्या पदरी काही पडत नाही. करपलेलं पीक हा दुष्काळाचाच घाव असेल तर त्यानं घेतलेला बळीही दुष्काळाच्या खात्यावर धरला पाहिजे. पण त्यासाठी आधी नोंद हवी. नोंद नसलेल्या मृत्यूवर कुणी भरपाई देत नाही.

औषध परवडणारं आहे, चाचणी सोपी आहे, जाणकार याच शहरात आहेत, आणि कोणत्या महिन्यात धोका आहे हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. एवढं सगळं हाताशी असताना जोंधळा खाऊन मेलेल्या बैलाला दैवाचा घाला म्हणणं आपण बंद करायला हवं.

(लेखक पशुवैद्यक असून पशुआरोग्यविषयक प्रश्नांवर लिहितात.)